पानं किती, बी.एस्सी.?

माझ्यावर ज्यांचे उपकार सर्वांत मोठे आहेत त्यांचं नाव विचाराल तर मी ‘बाई’ एवढंच सांगेन. परभणीतल्या ज्या शेतकी संशोधन केंद्रात मी पहिली नोकरी केली, तिथं त्यांचं पूर्ण नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं. पण शिपायापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. केंद्रात दुसऱ्याही बाया होत्या, पण त्यांना आडनाव लावावं लागे. नुसत्या बाई म्हणजे संख्याशास्त्राच्या बाई.

संगणकापुढे बसण्याआधी त्या पदराच्या टोकानं दोन्ही हातांची बोटं पुसत, जणू कणीक मळायला घेणार आहेत. मग पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत आणि विचारत, “पानं किती, बी.एस्सी.?”

यातली पानं पंगतीची, आणि बी.एस्सी. म्हणजे मी.

आमचं गाव पिंगळीच्या जवळ. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. दुसऱ्याचे बैल, दुसऱ्याचं औत, पण हात त्यांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पुरी केली नव्हती, आणि मी संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालो होतो, तोही पहिल्या वर्गात. नोकरी तात्पुरती होती, हुद्दा ‘संगणक सहायक’. ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची. परभणीत नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारलं जाई, आणि उत्तर ऐकून खुर्ची पुढं सरके किंवा होती तिथंच राही. मी शाळेत असताना आमच्या वस्तीनं एक वाईट पावसाळा पाहिला होता. त्याबद्दल इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आडनाव सांगताना माझा आवाज आपोआप लहान होई.

बाईंनी माझा अर्ज हातात घेतला. नावावरून त्यांची नजर सरळ शिक्षणाच्या ओळीवर गेली.

“बी.एस्सी. आहात तर,” त्या म्हणाल्या. “बसा, बी.एस्सी.”

तेच माझं नाव झालं. त्या सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणत, झाडूवाल्या मावशींनाही. सुरुवातीला मला ते इतकं अवघड वाटे, की त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत असं समजून मी मागं वळून बघे.

संगणकाची खोली म्हणजे केंद्राचा गाभारा. गार हवेचं यंत्र, जाड पडदे आणि दारात चपला काढायच्या. या एका नियमामुळे कोणाच्या मोज्याला कुठं भोक आहे हे सगळ्या केंद्राला ठाऊक झालं होतं. आत एकच संगणक, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. बाईंनी तो मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. हैदराबादला एका कार्यशाळेला गेल्या, तिथून येताना त्यांनी पातळांच्या घड्यांत जपून फ्लॉप्या आणल्या. त्यांत गणिताचं सॉफ्टवेअर होतं. तोवर आम्हा लोकांना गणित म्हणजे एकेक आकडा घेऊन केलेली मजुरी. या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांची अख्खी ओळ चौकटी कंसात लिहायची, तिला एक नाव द्यायचं, आणि मग नावाला हुकूम सोडायचा. सगळी ओळ एकदम ऐके. दुप्पट हो म्हटलं की ओळीतला प्रत्येक जण दुप्पट.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. बाई हसल्या. “बसा. ते सलाम करण्यासारखं आहे खरं, पण बसा.”

त्यांची शिकवण्याची रीत अशी. “यादी कशाचीही होते, बी.एस्सी. किराणा सामानाचीही होते. यादीचा सदिश, म्हणजे व्हेक्टर, केव्हा होतो? प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते तेव्हा. आता दोन सदिशांची बेरीज कशी होते? पंगत आठवा. पहिला वाढपी भात ठेवत गेला. त्याच्या मागून दुसरा वरण घालत निघाला. ज्या पानावर भात, त्याच पानावर वरण. भात जितक्या पानांवर पडला त्याहून एक पान कमी वरण वाढलं गेलं की पंगतीत ओरडा होतो. आपलं यंत्रही तसंच ओरडतं. म्हणून काय करायचं? वाढायच्या आधी पानं मोजायची.”

उदाहरण फार चांगलं होतं. पण ते ऐकून मी गप्प झालो. आमच्या गावात पंगत म्हटली की आमची पानं सगळ्यांच्या शेवटी पडत, तीही मांडवाच्या बाहेर. बाईंना माझं गप्प होणं दिसलं, कारण कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉकेलची रांग आणली.

त्याचं असं झालं, की एका प्रयोगातला एक प्लॉट मोकाट वळूनं खाल्ला होता. प्रक्षेत्रावरच्या कृषी सहायकानं तो आकडा गाळून उरलेले सगळे आकडे लिहून पाठवले.

“पानं किती, बी.एस्सी.?”

“एक कमी आहे, बाई.”

“मग डबा कुठंय?” त्यांनी कृषी सहायकाला विचारलं. त्याला काही समजेना. “अहो, रॉकेलच्या रांगेत माणसं उभी असतात का? डबेच असतात. माणूस चहाला जातो, डबा त्याची जागा धरून ठेवतो. तुम्ही डबाच उचललात, तर मागचे सगळे एकेक जागा पुढं सरकणार. याचं रॉकेल त्याला, त्याचं तिसऱ्याला.”

“मग शून्य लिहू का, बाई?”

“शून्य म्हणजे माणूस आला आणि रिकाम्या हातानं गेला. तुमच्या प्लॉटात पिकलं होतं. ते वळूनं खाल्लं. माणूस आलाच नाही, पण जागा त्याची आहे. त्यासाठी या सॉफ्टवेअरात वेगळी खूण आहे. ती घाला.”

कृषी सहायक चपला घालताना दाराबाहेर पुटपुटला, “आकड्याला डबा म्हणायलेत. बाईंला उन्हाचा तरास हाय का काय.” बाईंनी आतून उत्तर दिलं, “खोली गार आहे हो. ऊन तुमच्याकडंच.”

तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल, जे बोलताना हसत नाही आणि त्यामुळे आपल्याला जास्त हसू येतं. बाई तशा होत्या.

बरेच महिने गेले. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर ठेवली आणि सहज विचारलं, “पंगतीचं उदाहरण देते तेव्हा तुमचा चेहरा उतरतो. का?”

मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत सांगून मोकळा झालो. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, “मग उदाहरण बदलू?”

“नको,” मी म्हणालो. “उदाहरण बरोबर आहे, बाई. पंगत चुकीची होती.”

त्यांनी मान हलवली. जेवण झाल्यावर हात धुऊन आल्या, बोटं पुसली आणि पडद्यापुढे बसल्या. नेहमीचा प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही. मीच विचारला, “पानं किती, बाई?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही कामाला लागलो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो.

केंद्रात ज्वारीचे एक मोठे शास्त्रज्ञ होते. आम्ही त्यांना साहेब म्हणू. आवाज मोठा, रागही मोठा, पण माणूस रानातला. पेरणीला आणि काढणीला स्वतः हजर. संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता. “माझी ज्वारी त्या पेटीत उगवत न्हाई, बाई,” असं ते भर बैठकीत म्हणत. त्यांच्यासारखे आणखीही होते. बाईंनी सरकारचा पैसा एका खेळण्यावर घालवला, हे केंद्रात उघड बोललं जाई. खोली रिकामी करून तिथं बियाण्याच्या थैल्या ठेवाव्यात, अशीही एक सूचना फिरत होती.

त्या वर्षी रब्बी ज्वारीच्या अनेक वाणांची चाचणी होती. त्यांत साहेबांनी स्वतः तयार केलेला एक वाण होता. चाचणीतून जो वाण सरस ठरेल तो जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी सुचवला जाणार होता. पूर्वी ही आकडेमोड एक वयस्कर लिपिक हातानं करत. ते निवृत्त झाले होते. पहिल्यांदाच सगळी चाचणी संगणकावर होणार होती.

मी उत्पन्नाचे आकडे वाचत गेलो, बाई टंकत गेल्या. एक लांब ओळ. दुसऱ्या ओळीत कुठल्या प्लॉटात कुठला वाण, ते कचेरीतल्या आराखड्यावरून. पानं मोजली. दोन्हीकडे सारखी. यंत्र ओरडलं नाही. निकाल आला, तर साहेबांचा वाण पहिला.

साहेबांनी पेढे वाटले. चपला काढून खोलीत आले, मोज्याचं भोक विसरून गेले आणि संगणकाच्या डोक्यावर हळूच हात ठेवला. “हुशार हाय हो हे,” म्हणाले. जाताना दारात वळून पुन्हा म्हणाले, “लय हुशार हाय.”

बाई आनंदात होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना तेव्हाच ऐकलं.

पुढच्या आठवड्यात निवडीची बैठक होती. तिच्यासाठी तक्ते छापायचे होते. मला वाटलं, नुसती ओळ छापण्यापेक्षा शेत जसं आहे तशी आकड्यांची चौकट करावी, म्हणजे बघणाऱ्याला शेत दिसेल. सॉफ्टवेअरमध्ये एका हुकुमात लांब ओळीची चौकट होते. इतके आकडे एका रांगेत, मग पुढची रांग, प्रत्येक रांग डावीकडून सुरू. मी तो हुकूम दिला. प्रिंटर कराकरा वाजला आणि कागद बाहेर आला.

कागद हातात घेऊन बघत राहिलो. पहिल्या रांगेत उजव्या टोकाचे आकडे लहान होते. दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाचे. तिसरीत पुन्हा उजवे, चौथीत पुन्हा डावे.

ते शेत मला ठाऊक होतं. त्याच्या ओढ्याकडच्या अंगाला चोपण जमीन आहे. तिथं पीक खुरटतंच. पण चोपण एका काठानं असते. ती अशी या टोकाहून त्या टोकाला उड्या मारत नाही.

मग मला वडील दिसले. म्हणजे खरोखर नव्हे, पण लहानपणी त्यांच्यामागून चालताना पाहिलेली त्यांची पाठ दिसली. तास धरून बांधापर्यंत जायचं, तिथं बैल वळवायचे आणि शेजारच्या तासानं परत यायचं. पुन्हा बांध, पुन्हा वळण. औत कधी रिकामं परत येत नाही.

मी कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी तो पाहिला. बोटांनी पदराचं टोक नुसतं धरून ठेवलं. मग चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चला.”

भर दुपारी आम्ही शेतावर गेलो. काढणी झालेली होती, पण प्लॉटांच्या खुंट्या अजून जमिनीत होत्या. बाई पहिल्या खुंटीपासून खुंट्यांवरचे आकडे वाचत निघाल्या. रांगेच्या टोकाला पोचल्या. पुढचा आकडा कुठं आहे म्हणून त्या नव्या रांगेच्या सुरुवातीकडे परत निघणार होत्या, पण तो आकडा तिथंच, त्यांच्या पायापाशी होता. त्या वळल्या. टोकाला जाऊन पुन्हा वळल्या. ढेकळांतून चपला सावरत त्यांनी ते सगळं शेत औतासारखं चालून काढलं. मी बांधावर उभा होतो. त्यांनी मला हाक मारली नाही. त्यांना ते स्वतः चालायचं होतं.

पलीकडे एक मजूर बाई कडबा बांधत होती. बाईंनी तिला विचारलं, “मावशी, खुंट्या ठोकताना तुम्ही होतात ना? अशा वळणानं का ठोकल्या?”

“मंग कशा ठोकायच्या?” मावशी म्हणाली. “जाताना हिकडून, येताना तिकडून. रिकामं कोण परत येतंय, बाई? तुमी याल का?”

“मी आले असते,” बाई म्हणाल्या. “तेच तर झालंय.”

शेतात आकडे औताच्या वळणानं पडत होते आणि कचेरीतला आराखडा दर रांगेला डावीकडून सुरू होत होता. जुने लिपिक हे वळण मनात धरूनच आकडे मांडत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. पानं सारखी होती, म्हणून यंत्र ओरडलं नाही. पण दर दुसऱ्या रांगेत एकाचं वरण दुसऱ्याच्या भातावर पडलं होतं.

परत येऊन आम्ही एक आड एक रांग उलटी केली आणि निकाल पुन्हा काढला. साहेबांचा वाण चौथा आला.

काय पणाला लागलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पेढे वाटून झाले होते. बैठकीत हे सांगितलं, की बियाण्याच्या थैल्या या खोलीत यायला वेळ लागणार नव्हता. न सांगितलं तर कुणालाही कधीही कळलं नसतं, आणि चौथ्या नंबरचा वाण जिल्ह्याच्या रानांत गेला असता.

मला भीती वाटली, ती त्या काय ठरवतील याची नव्हे. त्या काय ठरवणार हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि त्याचं त्यांना काय मोजावं लागेल, ते मला बघवणार नव्हतं.

“तुम्ही बोलाल,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“चूक मी सांगेन. दुरुस्ती तुमची आहे, ती तुम्ही सांगाल.”

बैठकीला बाहेरगावचेही पाहुणे होते. बाई उभ्या राहिल्या. नवा निकाल वाचला. साहेबांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग तांबडा झाला.

“म्हंजे कसं, बाई? मागच्या आठवड्यात पयला, या आठवड्यात चौथा. पुढच्या आठवड्यात काय, बाजरी?”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “पुढच्या आठवड्यातही चौथाच, साहेब. आता हलणार नाही.”

“आणि माझे पेढे?”

“ते पचले. आकडा पचला नाही.”

कुणीतरी बाईंना वाचवायला म्हणालं, “यंत्रानं घोळ घातला म्हणा की. नवं आहे, होतं असं.”

“यंत्रानं मी सांगितलं तेच केलं,” बाई म्हणाल्या. “मी चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे. ती मी पकडलेली नाही. ज्यांनी पकडली, ते पुढचं सांगतील.” आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी उठलो. पाहुण्यांपैकी एकानं चष्मा वर करून विचारलं, “हे कोण? आडनाव काय यांचं?”

माझा आवाज लहान व्हायला लागला होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “बी.एस्सी.”

“ते शिक्षण झालं. मी आडनाव विचारलं.”

“मी त्यांना याच नावानं हाक मारते. तुम्हीही मारा.”

मी फळ्याजवळ गेलो. शेत काढलं, खुंट्यांचे ठिपके दिले आणि एका खडूनं, खडू न उचलता, औताचं वळण ओढलं. या टोकाहून त्या टोकाला, वळून परत. मग दुसऱ्या रंगाच्या खडूनं यंत्राची रीत काढली, दर रांगेला डावीकडून. दोन रेघा कुठं जुळतात आणि कुठं नाही, ते कुणालाही दिसत होतं. सांगता सांगता माझा आवाज कधी मोठा झाला ते मला कळलं नाही.

साहेबांनी फळ्यावरचं वळण बोटानं हवेत गिरवलं. नंतर हळू म्हणाले, “खुंट्या ठोकताना मी सोता तिथं उभा होतो. माझ्या डोळ्यांपुढं वळत होते.” मग म्हणाले, “चौथा लिहा.”

खोलीत थैल्या आल्या नाहीत. उलट त्या हंगामानंतर दुसऱ्या विभागांचे लोक आकडे घेऊन रांगेत उभे राहू लागले. त्यांना कोण पाठवत होतं माहीत आहे? साहेब. “बाईंकडून तपासून घ्या,” ते सांगत, “सोताची चूक सांगणारं माणूस हाय ते.”

आम्ही त्या वळणासाठी एक छोटा हुकूम लिहिला. शेतातल्या क्रमाची लांब ओळ त्याला द्यायची, तो एक आड एक रांग उलटवून शेतासारखी चौकट करून देई. हुकुमाला नाव द्यायचं होतं. मी काहीतरी इंग्रजी सुचवलं. बाईंनी ऐकलं नाही. बोटं पुसली आणि तीन रोमन अक्षरं टंकली. औत.

वडील एकदा बाजारासाठी परभणीत आले, तेव्हा बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. वडिलांनी चपला तर काढल्याच, पटकाही काढून हातात घेतला. बाईंनी तो परत डोक्यावर ठेवायला लावला आणि त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मग पडद्यावर आकड्यांची ओळ दाखवली, हुकूम दिला आणि ओळीचं शेत झालं.

“हे तुमचं औत आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मुलानं यात जुंपलं.”

वडिलांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग विचारलं, “बैल कुठायत?”

“बैल आम्ही दोघं,” बाई म्हणाल्या.

घरी जाताना वडील वाटेत भेटेल त्याला ते सांगत गेले.

बाईंच्या सांगण्यावरून मी नोकरी करता करता एम.एस्सी. झालो. पदवीचं प्रमाणपत्र काढायला मी मुद्दाम उशीर करत होतो. विद्यापीठाचं नाव बदलेल ही आशा होती. केंद्रातले लोक वेड्यात काढत. बाई म्हणाल्या, “थांबा. प्रमाणपत्र कुठं पळून जात नाही.” पुढं त्या निवृत्त झाल्या आणि हैदराबादला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना फ्लॉप्या मला दिल्या, आणल्या होत्या तशाच, पातळाच्या एका तुकड्यात गुंडाळून.

बाई आता नाहीत. त्यांना गेल्याला बरीच वर्षं झाली. जिंतूरच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी त्यांना एक पत्र पाठवलं होतं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला, कारण बाईंना जाणाऱ्या कागदावर खाडाखोड चालत नसे आणि मला ते पत्र दोनदा लिहावं लागलं. ते असं आहे.

ती. बाईंना सा. न.

तुमचा खोकला कसा आहे? हैदराबादची हवा मानवते आहे ना?

विद्यापीठाचं नाव बदललं, ते तुम्ही वाचलं असेलच. वस्तीत साखर वाटली. वडिलांनी विचारलं, आता तरी कागद आणशील का? परवा जाऊन अर्ज दिला. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, प्रमाणपत्र कुठं पळून गेलं नव्हतं.

इथल्या कॉलेजनं एक संगणक घेतला आहे. खोली गार नाही, पण चपला मी बाहेरच काढायला लावतो. लाईट येते-जाते. तुमच्या फ्लॉप्या चालतात. मुलांना यादी आणि सदिश शिकवताना मी पंगतच सांगतो. आधी पानं मोजा म्हणतो, आणि मग, वाढायला कुठल्या टोकानं सुरुवात झाली ते विचारा म्हणतो. हा दुसरा प्रश्न आपल्या दोघांचा आहे. तो मी कुणाला एकट्याचा म्हणून सांगत नाही.

औत हा हुकूम सगळ्यांना येतो. त्याचं असं नाव का, हे दर वर्षी कुणीतरी विचारतं. मी खडू न उचलता फळ्यावर रेघ ओढतो. शेतकऱ्यांची पोरं आहेत, बाई. अर्ध्या रेघेतच हसायला लागतात.

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल प्राचार्य वर्गावर आले होते आणि मी फळ्यावर चुकलो. दोन सदिश मांडले, पानं सारखी होती, टोक बघितलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, दुसरी रांग उलटी पाहिजे.” आवाज इतका लहान होता, की तो मला लगेच ओळखू आला. मी म्हणालो, चूक माझी आहे, आणि खडू तिच्या हातात दिला. ती सांगत गेली. तिचा आवाज कुठल्या शब्दापासून मोठा झाला, ते मी या वेळी नीट ऐकलं.

प्राचार्यांनी मला हळूच विचारलं, “ही कुणाची? आडनाव काय?”

मी काय सांगितलं असेल, ते तुम्हाला सांगायला नकोच.

घरी सगळे ठीक. वडील विचारतात, दुसरा बैल कसा आहे म्हणून. कळवावं.

आपला,
बी.एस्सी.